अंगणातला उंबर

(तू बिश्वातच्या मलिद्यानंतर प्रार्थनालयात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज तू बिश्वात, म्हणजे झाडांचे नवे वर्ष. आपल्या बेने इस्राएल घरांत हा दिवस एलियाहू हन्नबींच्या स्मरणाचाही आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर नबींच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा. या दिवशी कोकणातली आणि मुंबईची कुटुंबे तेथे जात आणि मलिदा करीत. आजही जातात. मलिद्याच्या ताटातले फळ उचलताना आपण झाडाच्या फळाची बराखा म्हणतो. ताटातल्या प्रत्येक फळाचे नाव आपणांस ठाऊक असते. परंतु ज्या झाडाच्या सावलीतून आपण दर शब्बाथला या दारापर्यंत येतो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्या झाडाच्या खोडावर एक कागद चिकटवलेला मी पाहिला. मागच्या दोन इमारती पाडून तेथे उंच इमारती व्हायच्या आहेत, हे आपण जाणतोच. त्या कामासाठी तोडावयाच्या झाडांची यादी त्या कागदावर होती. यादीत आपल्या झाडासमोर एवढेच लिहिले होते : ‘फिकस, नग १.’ ते वाचून मला रुग्णालयातले दिवस आठवले. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागलो की त्याच्याकडे पाहणेच कमी होते, असे आमच्या मेट्रन आम्हांला बजावीत असत. तेव्हा आज मी या झाडाचे पूर्ण नाव आणि त्याच्या कुळाचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहे.

आम्ही अश्दोदला आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंनी हे झाड ओळखले. त्या मूळच्या रेवदंड्याच्या. खोडाला आणि जाड फांद्यांना थेट लगडलेले फळांचे घोस पाहून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा तर उंबर! हा इथे कसा आला?” हिब्रूत त्याला शिकमा म्हणतात, हे मला पुढे कळले. आपल्या मराठी बायबलातही हे झाड उंबर या नावानेच भेटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोकणातला उंबर आणि येथला शिकमा हे एकच झाड नव्हे. एकाच घराण्यातले ते चुलत भाऊ आहेत. कोकणच्या उंबराचे पान लांबट व गुळगुळीत, तर शिकम्याचे पान रुंद, देठाशी हृदयाच्या आकाराचे आणि हाताला खरखरीत लागते. त्याची साल पिवळसर तांबूस असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. पान तोडले की पांढरा चीक येतो. आपल्या रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावलेले फिकस निराळे. त्यांची पाने लहान व चकचकीत, फळे वाटाण्याएवढी, आणि बहुतेक सारी विसाव्या शतकातली लागवड. यादी करणाऱ्याने या दोहोंना एकाच नावाखाली घातले. फिकस हे कुळाचे नाव आहे, तेव्हा ते चूक म्हणता येणार नाही. पण आडनाव सांगून माणूस ओळखला जात नाही.

शिकम्याचा पवित्र शास्त्रातला उल्लेख साधासुधा नाही. दावीद राजाच्या कारभाऱ्यांची जी यादी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे, तीत शफेला म्हणजे सखल प्रदेशातील जैतुनांवर आणि शिकम्यांवर बआल-हानान नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला दिसतो. शलमोनाच्या वैभवाचे वर्णन करताना म्हटले आहे की त्याने यरुशलेमेत गंधसरूचे लाकूड शफेलातल्या शिकम्यांइतके विपुल केले. उपमा नेहमी सर्वांच्या परिचयाच्या वस्तूची देतात. ज्या अर्थी विपुलतेसाठी शिकमाच सुचला, त्या अर्थी आपल्या या किनारी मुलखात तो त्या काळी घरोघरी ठाऊक असला पाहिजे. त्याच्या लाकडाच्या तुळया घरांना लागत, आणि शेजारच्या मिसरात शवपेट्याही याच लाकडाच्या करीत.

थंडी मात्र या झाडाला सोसत नाही. ७८व्या स्तोत्रात मिसरावरील आपत्तींमध्ये शिकम्यांचा नाश सांगितला आहे, तो गारठ्याने. म्हणूनच आपल्या ऋषितुल्य पंडितांनी या झाडाचा सीमेच्या खुणेसारखा उपयोग केला. मिश्नाच्या शेविईत प्रकरणात गालीलचे भाग पाडताना म्हटले आहे की कफर हनन्याच्या वर, जेथे शिकमा वाढत नाही, तो वरचा गालील. आणि त्याच्या खाली, जेथे शिकमा वाढतो, तो खालचा गालील. नकाशा नव्हता तेव्हा झाडच नकाशा होते.

आता आमोस नबींकडे येऊ. बेथेलच्या याजकाने त्यांना हुसकावले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की मी नबी नव्हे आणि नबीचा पुत्रही नव्हे. मी गुरे राखणारा व शिकम्याच्या फळांचे काम करणारा मनुष्य आहे. हे काम कोणते, यावर पुष्कळ विचार झाला आहे. हिब्रू शब्द आहे ‘बोलेस’. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा अर्थ फळे ओरखडणारा असा केला. सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस यानेही लिहून ठेवले आहे की हे फळ लोखंडी नखीने ओरखडल्यावाचून पिकत नाही, आणि ओरखडले की चौथ्या दिवशी पिकते. तेल अवीव विद्यापीठातील प्राध्यापक याकोव गलील यांनी १९६०च्या दशकात या जुन्या रीतीचा अभ्यास केला. हिरव्या फळाला छेद दिला की जखमेतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तोच फळाला पिकवतो, आणि तीन-चार दिवसांत ते फुगून गोड होते. आमोस तकोवाचे राहणारे. ते गाव यहूदियाच्या उंच डोंगरात. तेथे शिकमा वाढत नाही. तेव्हा हंगामात ते खाली सखल मुलखात उतरत असले पाहिजेत आणि झाडावर चढून एकेका फळाला छेद देत असले पाहिजेत. फळ हजारो, हात दोन. नबीचे हे काम किती कष्टाचे होते, हे झाडाखाली उभे राहिल्यावरच ध्यानात येते.

फळाला छेद देण्याची गरज का पडली, याचे कारण या झाडाच्या इतिहासाचे मर्म आहे. आपल्या मराठीत दुर्मिळ गोष्टीला उंबराचे फूल म्हणतात. उंबराला फुले असतात; पण ती फळाच्या आत मिटलेली असतात, म्हणून दिसत नाहीत. त्यांचे परागसिंचन एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी करते. शिकम्याचे मूळ आफ्रिकेत, आणि त्याची ती माशीही तिकडचीच. झाड माणसाच्या हातून नाईलच्या काठाने आणि किनाऱ्याने इकडे आले. माशी त्याच्याबरोबर आली नाही. म्हणून या देशातल्या शिकम्यात बी धरत नव्हते. मग हजारो वर्षे हे झाड येथे टिकले कसे? माणसाने फांदी तोडून जमिनीत लावली म्हणून. बंधुभगिनींनो, याचा अर्थ असा की या किनाऱ्यावरचा प्रत्येक जुना शिकमा कोणा मनुष्याने हाताने लावलेला आहे, आणि तो त्याच्याहून जुन्या एका शिकम्याचाच अंश आहे.

जैतुनाचीही कथा अशीच आहे. यरुशलेमेत जैतून पर्वताच्या पायथ्याशी गेथशेमनेच्या बागेत आठ प्राचीन जैतून आहेत. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष जाहीर केले. आठांपैकी तिघांच्याच खोडाचे वय काढता आले, ती इ.स. १०९२, ११६६ आणि ११९८ या सुमाराची निघाली. उरलेल्यांचा गाभा पोकळ असल्याने त्यांचे वय काढता आले नाही. परंतु आठही झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाची लेकरे आहेत, हे सिद्ध झाले. एकाच मातृवृक्षाच्या फांद्या कोणी तरी तेथे लावल्या होत्या.

आपल्या अंगणातला उंबर कोणी लावला? हे शहर १९५६ साली वाळूच्या टेकड्यांवर वसवले गेले. त्याआधी जवळच इसदूद नावाचे अरब गाव होते. १९४८च्या युद्धानंतर ते उरले नाही. त्या शेतकऱ्यांच्या भाषेत या झाडाला जुम्मैझ म्हणत. या किनाऱ्यावरचे जुने शिकमे त्यांनी आणि त्यांच्या वाडवडिलांनी जोपासले, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वाळू सरकत येऊन झाडावर चढली, तरी शिकमा मरत नाही. पुरलेल्या खोडाला तो नवी मुळे फोडतो आणि फांद्या वर काढतो. कधी कधी टेकडीवर पाच-सहा निरनिराळी झाडे दिसतात, आणि खाली मात्र खोड एकच असते.

मग झाडाचे वय किती? हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. १९८४ साली मी प्रथम त्याचा घेर मोजला, तो ५ मीटर ४ सेंटिमीटर भरला. २०२४ साली त्याच उंचीवर पुन्हा मोजला, तो ५ मीटर ४० सेंटिमीटर. चाळीस वर्षांत ३६ सेंटिमीटर. त्रैराशिक मांडले तर ६०० वर्षे निघतात, आणि हा आकडा सांगण्याचा मोह कोणालाही होईल. पण मी तो सांगणार नाही. पहिल्या वर्षात मूल जितके वाढते, तितके साठीचा माणूस वाढतो काय? झाड तरुणपणी भराभर जाडावते, म्हातारपणी सावकाश. शिवाय खोडावर बोटांनी वाजवून पाहिले तर उत्तरेच्या अंगाला आवाज पोकळ येतो. छाती तपासताना वाजवून ऐकतात ना, तसाच. ज्या वलयांनी साक्ष द्यावयाची, ती आतून झिजून गेली आहेत. आपण खरेपणाने इतकेच म्हणू शकतो की हे झाड या शहराहून जुने आहे. ज्यांनी १९५६ नंतरच्या पहिल्या वर्षांत येथे वाळूत तंबू आणि झोपड्या पाहिल्या, त्यांच्यापैकी दोन वृद्ध शेजारी आजही सांगतात की ते तेव्हाही असेच डेरेदार होते.

पोकळ गाभ्यामुळे साक्ष हरवते, म्हणून झाडाचे जुनेपण खोटे ठरत नाही. हे आपल्या समाजाइतके कोणाला समजेल? १९६२ सालानंतर विवाहाच्या वेळी आपल्या आजी-पणज्यांपर्यंतच्या वंशाची चौकशी होऊ लागली. आपल्याजवळ दाखवायला कागद नव्हते. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांनी कागद आणले नव्हते. आपल्याजवळ होता शब्बाथ, ज्यामुळे कोकणाने आपल्याला शनवार तेली म्हटले. होती आठव्या दिवसाची सुंता, होता शेमा आणि नवगावची दफनभूमी. आपल्या लोकांनी यरुशलेमेत धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असे जाहीर केले. कागदावाचूनही पुरावा असतो, हे आपण तेव्हा जगाला सांगितले. तेच आज एका झाडाविषयी सांगावयाचे आहे.

धर्मशास्त्राचे काय म्हणणे आहे? अनुवादात शहराला वेढा घातला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये अशी आज्ञा आहे. परंतु शास्त्र सरसकट झाडाचीच बाजू घेते, असे सांगणे बरोबर होणार नाही. मिश्नाच्या बाबा बात्रा प्रकरणात म्हटले आहे की झाड गावापासून २५ हात दूर असावे, आणि खरूब व शिकमा यांचा पसारा मोठा म्हणून ते ५० हात. गाव आधीचे असेल, तर झाड तोडावे व मोबदला देऊ नये. झाड आधीचे असेल, तर तोडावे, पण मोबदला द्यावा. म्हणजे तोडण्याची मुभा आहे. परंतु आधी कोण आले, हा प्रश्न विचारल्यावाचून नाही. त्याच प्रकरणात पुढे आणखी एक नियम आहे. शेत विकले म्हणजे त्यातला जुना, एकदा छाटून पुन्हा फुटलेला शिकमा विकला गेला असे होत नाही. तो स्वतंत्रपणे मोजावयाची वस्तू आहे. शेताच्या दरात तो आपोआप जात नाही. ‘नग १’ लिहिणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगा हा नियम आहे.

आणि तालमूदात यरीहोच्या शिकम्यांची एक हकिकत आली आहे. तेथे दांडगे लोक येत आणि शिकम्यांचे ओंडके बळाने घेऊन जात. मालक हतबल झाले. शेवटी त्यांनी काय केले? ती झाडे त्यांनी देवाला वाहिली. ही हकिकत वाचताना मला कोकणातल्या देवराया आठवतात. गावाजवळची राई देवाच्या नावाने सोडलेली. तिथली काटकीही कोणी सरपणाला आणीत नसे. आपले धर्म वेगळे, पण आपले आजे-पणजे त्या रायांच्या कडेने घाणा चालवीत आले आणि त्यांनीही तो मान राखला. ज्याचा कोणी मालक नाही असे दिसते, ते सर्वांत आधी तोडले जाते. म्हणून सर्वांच्या वतीने कोणी तरी त्याच्यावर नाव घालावे लागते.

आजच्या कायद्यातही अशी वाट आहे. ब्रिटिश अमदानीतल्या १९२६च्या वन अध्यादेशापासून या देशात झाडांना संरक्षण आहे. २००८ साली नियोजन व बांधकाम कायद्यात दुरुस्ती झाली, आणि बांधकामाच्या परवानगीपूर्वी जागेवरच्या प्रौढ झाडांची नोंद सक्तीची झाली. दोन मीटरहून उंच आणि जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर खोडाचा व्यास निदान १० सेंटिमीटर, असे झाड प्रौढ मानतात. ते तोडण्यास वनाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि त्या परवानगीविरुद्ध कोणाही नागरिकाला ठराविक मुदतीत हरकत घेता येते. हरकत मात्र नुसत्या भावनेने चालत नाही. झाडाचे नेमके नाव, घेर, उंची, डेऱ्याचा विस्तार, प्रकृती आणि त्याचा इतिहास लिहून द्यावा लागतो.

झाडाविरुद्धच्या तक्रारीही मी ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. वर्षातून अनेकदा बहर येतो, फळे खाली पडून चिकचिक होते, माश्या होतात, रात्री फळे खायला वटवाघळे येतात, मुळे गटारात शिरतात. मी स्वतः त्या फळांवरून घसरून मनगट मोडून घेतले आहे. तेव्हा झाड ठेवावयाचे तर त्याची झाडलोट ठेवावी लागेल, वाळलेल्या फांद्या जाणकाराकडून उतरवाव्या लागतील, आणि हा भार कोणी उचलावयाचा हे आपण आजच ठरवले पाहिजे. प्रेमाने म्हटले आणि खराटा दुसऱ्याच्या हाती दिला, असे होऊ नये.

येत्या शुक्रवारी सकाळी ९ वाजता आपण अंगणात जमू. मापन फीत मी आणीन. छातीच्या उंचीवर, म्हणजे १३० सेंटिमीटरवर, खोडाभोवती ती ताठ पण न आवळता धरावयाची. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची मोजावयाची. आणि माप दोघांनी वेगवेगळे घ्यावयाचे, म्हणजे चूक सापडते. मुलांनी पानाला हात लावून पाहावा, खरखरीतपणा विसरला जात नाही. ज्यांनी हे झाड १९५०च्या किंवा १९६०च्या दशकात पाहिले, त्यांच्या आठवणी आपण सही-तारखेसह उतरवून घेऊ. एखाद्याच्या घरी लग्नाचा, बार मिट्झ्वाचा जुना फोटो असेल, ज्यात पाठीमागे हे खोड दिसते, तर तो आणावा. आपल्याला तो फोटो नवरा-नवरीसाठी प्रिय आहे. वनाधिकाऱ्याला तो खोडासाठी उपयोगी पडेल. हरकतीची मुदत त्यानंतरच्या बुधवारी संपते. मसुदा मी हिब्रूत करून घेतला आहे. घेराच्या आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे.

शेवटी एक सांगून थांबते. मागच्या वर्षी मी या उंबराच्या चार फांद्या कुंड्यांत लावल्या. दोन वाळल्या, दोन फुटल्या. ज्या घराला अंगण आहे त्याने एकेक न्यावी. कोणी म्हणेल, मग मूळ झाड गेले तरी चालेल. नाही चालणार, त्या रोपाखाली बसायला आपल्याला आणि आपल्या नातवंडांनाही पुष्कळ वर्षे लागतील. रोप न्यावे, आणि शुक्रवारीही यावे.

एलियाहू हन्नबींच्या कृपेने आपणा सर्वांना हे वर्ष सुखाचे जावो. शालोम.